रेंजरचा गृहस्थाश्रम

वाशिम जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, बुलढाणा आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांना चिकटून असलेल्या रिसोड या तालुक्याच्या गावी ‘अप-डाऊन’ हा शब्द रोज कानी पडत असला तरी त्याचा आगगाडीशी काही संबंध नाही, कारण रिसोडला आगगाडीच येत नाही; राहायचे रिसोडला, नोकरी करायची रिठद, वाकद, हराळ, केनवड, करडा अशा एखाद्या गावच्या शाळेत, दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत, आणि सकाळी जाऊन सायंकाळी परतायचे, या जीवनक्रमाला तेथे अप-डाऊन म्हणतात. हे अप-डाऊन बहुतांशी मोटारसायकलीवर, काही प्रमाणात एस.टी.ने आणि उरलेसुरले काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीने पार पडते. हे तिन्ही मार्ग सोडून चौथा धरणारा, म्हणजे घरात पडून असलेली जाड टायरची, सरळ हँडलची, गिअरची जुनी सायकल नीट करून तिच्यावरून नोकरीला जाण्याचे मनात आणणारा मनुष्य रिसोडात विरळा आहे. मात्र त्याने काय करावे याविषयी ठाम मत असणारे लोक विपुल आहेत, आणि या विषयाचा अभ्यास करताना सायकलीपेक्षा या मतांचाच विचार अधिक करावा लागतो.

कोणत्याही कंपनीची असली तरी गावात जिला सरसकट ‘रेंजर’ म्हणतात, त्या सायकलीचे कुळ आधी पाहणे आवश्यक आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या मरीन परगण्यात, काही तरुणांनी १९३०-४० च्या सुमाराच्या, फुगीर टायरच्या आणि भरभक्कम लोखंडी बांध्याच्या जुन्या सायकली अडगळीतून स्वस्तात मिळवल्या, त्यांचे मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड असे जे जे निघण्यासारखे होते ते सर्व काढून टाकले आणि त्या डोंगराच्या उतारावरून खाली सोडण्याचा खेळ आरंभला. या सायकली मुळात शाळकरी मुलांसाठी आणि घरोघर वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोरांसाठी बनलेल्या होत्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स या गावाजवळच्या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. पॅडल उलटे दाबल्यावर लागणारा, मागच्या चाकाच्या आसात बसवलेला ब्रेक त्या एका उतरणीत इतका तापे की आतील ग्रीसचा धूर होऊन जाई आणि दर खेपेस नवे ग्रीस भरावे लागे, म्हणून पुन्हा भरण्याच्या या क्रियेवरूनच शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव मिळाले. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ या तरुणाने खास याच उद्योगासाठी नवी फ्रेम घडवली, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याच्या हातच्या फ्रेम घेऊन अशा सायकली विकण्याचा धंदा उघडला, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर कारखान्यातून बाहेर पडून दुकानांत आली. तात्पर्य असे की, डोंगरदऱ्यांची राणी म्हणून जिची जाहिरात झाली ती सायकल म्हणजे पेपरवाल्या पोराची सायकल होय, जिच्या अंगावरचे संसारोपयोगी सामान तेवढे उतरवण्यात आले होते.

हा इतिहास रिसोडच्या सायकल दुकानात कोणी सांगत नाही, परंतु तेथे जे घडते त्याचा उलगडा याच इतिहासाने होतो. पूर्वी ऋषींचे वास्तव्य होते अशी परंपरा सांगणाऱ्या या गावी आश्रमव्यवस्थेची भाषा योजण्यास हरकत नसावी: रेंजर ही ब्रह्मचारी सायकल आहे, तिच्याकडे कॅरियर नाही, स्टँड नाही, दिवा नाही, घंटी नाही, म्हणजेच तिच्यावर कोणाची जबाबदारी नाही, तिला नोकरीच्या कामाला लावणे म्हणजे तिला गृहस्थाश्रमात आणणे, आणि त्यासाठी मरीनच्या पोरांनी जे जे काढून फेकले ते ते एकेक करून परत बसवणे. खुद्द जो ब्रीझ यालाही अखेर हेच सुचले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्याने आपल्या कंपनीचा मोर्चा गावात वापरायच्या सायकलींकडे वळवला आणि मडगार्ड, कॅरियर, दिवे, चेनकव्हर व घंटी यांसह सज्ज अशा सायकली विकायला काढल्या. ज्याने मडगार्ड नसलेली सायकल नावारूपाला आणली त्याला मडगार्डाकडे परतण्यास सुमारे पाव शतक लागले, आणि रिसोडच्या मेकॅनिकला हीच गोष्ट रेंजर दुकानाच्या पायरीला टेकताक्षणीच दिसलेली असते, हा फरक बुद्धीचा नसून काळ्या मातीचा आहे, ज्याचे विवेचन पुढे येईल.

भारतात या जातीच्या सायकली १९९० च्या दशकात घरोघरी पोहोचल्या; लुधियानाच्या हीरो सायकल्सची रेंजर आणि चेन्नईच्या टी.आय. सायकल्सची हर्क्युलस एमटीबी ही त्यांतली ठळक नावे, आणि त्यांतील पुष्कळांना गिअर नव्हतेच, नुसता जाड टायर आणि सरळ हँडल एवढ्यावर डोंगराची हमी दिलेली असे. रिसोडला अशी सायकल येण्याचा ठरलेला मार्ग असा की, मुलगा बारावीनंतर पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकायला जातो, तेथे सायकल घेतो, चार वर्षांनी पदवी घेऊन परततो आणि सायकल एस.टी.च्या टपावर दोरीने बांधून येते; त्यानंतर मुलगा नोकरीसाठी पुन्हा बाहेर पडतो आणि सायकल मात्र गोठ्याच्या भिंतीला टेकून राहते, तिच्या हँडलवर पावसाळ्यात ओले पोते आणि उन्हाळ्यात वाळवणाची चादर पडते. अशा सायकलीला महानगरांत ‘व्हिंटेज’, म्हणजे जुनेपणामुळेच मोल चढलेली वस्तू, म्हणतात, आणि पुण्यात कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालयच उभे केले असून ते २०१७ पासून लोकांना पाहता येते. रिसोडात मात्र जुन्या वस्तूंचे दोनच वर्ग प्रचलित आहेत, चालू आणि भंगार, आणि व्हिंटेज नावाचा तिसरा वर्ग कोणी सुचवल्यास भंगारवाला तो ऐकून घेतो, मान डोलावतो आणि सायकल तराजूवर ठेवतो.

रूपांतराचा आरंभ ओव्हरऑइलिंगने होतो. सायकलीचा प्रत्येक सांधा उघडून, आतील छर्रे (चाक आणि पॅडलचा आस ज्यांवर फिरतो त्या पोलादी गोळ्या) रॉकेलमध्ये धुऊन, झिजलेले बदलून, नवे ग्रीस भरून सगळे पुन्हा जोडणे, असा हा विधी असून, रीपॅकच्या शूरांनी एका उतरणीमागे जे केले तेच येथे दहा वर्षांतून एकदा केले जाते. या वेळी चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुभागलेला भाग, सरळ आहे की नाही हे पाहतात आणि चाकांचा आऊट काढतात. गरगर फिरवल्यावर चाक डावीउजवीकडे डुलत असेल तर स्पोक कसून व सैल करून त्याला पुन्हा एका रेषेत आणणे, हे काम कानाने आणि डोळ्याने होते व ज्याला ते जमते त्याला दुकानात मान असतो. येथे जुन्या सायकलीचा एक गुण कामी येतो: तिला शॉकअप, म्हणजे धक्का शोषणारी स्प्रिंगची नळी, नसते. शॉकअप असलेल्या नव्या सायकली खड्ड्यात मऊ वाटतात हे खरे, परंतु दहा वर्षे गोठ्यात राहिल्यावर त्यांचे शॉकअप एक तर जाम होते किंवा म्हाताऱ्या बैलासारखे बसते ते उठत नाही; साधा लोखंडी चिमटा तापत नाही, गळत नाही आणि त्याच्याबद्दल मत देण्यासारखे काही नसल्याने बघ्यांचाही तेथे नाइलाज होतो.

टायरपाशी आल्यावर मात्र शास्त्र गहन होते. रेंजरचा टायर गुठळ्यागुठळ्यांचा असतो. त्या गुठळ्या सैल मातीत रुतून पकड घेतात, परंतु डांबरी रस्त्यावर त्यांचा सतत गुरगुराट होतो आणि पायाची बरीच शक्ती हा आवाज काढण्यातच खर्ची पडते, म्हणून अप-डाऊन करणाऱ्याने सपाट पाठीचा, काहीसा अरुंद टायर घालावा, एवढे सर्वमान्य आहे. दुकानात जाऊन २६ चा टायर मागितला की अडचण उभी राहते, कारण २६ इंच हे टायरच्या बाहेरच्या व्यासाचे ढोबळ माप असून, टायर रिंगवर जेथे बसतो तेथील व्यास निरनिराळ्या २६ मध्ये निरनिराळा असतो. रेंजरच्या २६×१.९५ टायरची रिंग ५५९ मिलिमीटरची असते, २६×१½ ची ५८४ ची आणि पुष्कळशा लेडीज सायकलींच्या २६×१⅜ ची ५९० ची. काळ्या मोठ्या सायकलीचे २८×१½ तर ६३५ वर बसते आणि या वादात पडतच नाही. त्यातही गंमत अशी की २६×१.७५ आणि २६×१¾ ही मापे गणिताने तंतोतंत सारखी असूनही ते टायर एकमेकांच्या रिंगवर चढत नाहीत, कारण एकाची रिंग ५५९ ची आणि दुसऱ्याची ५७१ ची असते. शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) या अमेरिकी मेकॅनिकने तर असा नियमच सांगून ठेवला आहे की एक माप दशांशात आणि दुसरे अपूर्णांकात लिहिलेले असून दोन्हींची किंमत सारखी आली तर ते टायर एकमेकांच्या जागी बसणार नाहीत हे नक्की समजावे. सायकलीचा मालक शाळेत गणित शिकवत असेल तर हा नियम त्याला पचत नाही. तो पाऊण म्हणजे शून्य पूर्णांक पंच्याहत्तर हे फळ्यावर सिद्ध करू शकतो, आणि दुकानदार टायर रिंगवर ठेवून ते असिद्ध करून दाखवतो. शेवटी सपाट टायर अकोल्याहून मागवला जातो, तोवर गुरगुराट चालू राहतो, आणि सायकल येत असल्याची वर्दी त्याने आपोआप मिळत असल्यामुळे घंटीचा खर्च काही दिवस लांबणीवर पडतो.

आता काळी माती. या भागातील जमीन बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली असून तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला पायाचा पंजा जाईल एवढाल्या भेगा पडतात; सोयाबीन, तूर आणि हरभरा यांना ती मानवते, चाकाला मानवत नाही. डोंगराच्या सायकलीचा टायर चिखल झटकून टाकतो, असे या सायकली विकणारे सांगतात, आणि वाळू-मुरमाच्या चिखलाबाबत ते खरेही असेल. परंतु मृग लागल्यानंतर पांदणीतून, म्हणजे दोन शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटेने, रेंजर नेली असता पहिल्या काही फेऱ्यांत माती गुठळ्यांमधली जागा भरून टायर आपोआप सपाट करते (अकोल्याचा टायर यायच्या आधीच हे काम फुकटात झालेले असते), त्यानंतर टायरवर टायर चढावा तशी थरावर थर चढत जाते, आणि अखेरीस चिमट्याच्या दोन बाजूंत माती अशी घट्ट बसते की चाक फिरण्याचे बंद होते. येथून पुढे मनुष्य सायकलीवर बसून जात नाही, सायकल मनुष्याच्या खांद्यावर बसून जाते, आणि पायात चपला असल्यास प्रत्येक चपलेवर आणखी एकेक किलो माती चढलेली असल्याने या प्रवासाची गती बैलगाडीने मागून येऊन ओलांडावे इतकी मंद असते.

मडगार्डाचा प्रश्न नेमका येथेच चिघळतो. मडगार्ड नसेल तर ओल्या डांबरी रस्त्यावर मागच्या चाकाचे पाणी पाठीवर उडून पांढऱ्या सदऱ्यावर कमरेपासून मानेपर्यंत एक सरळ काळी रेघ उमटते, आणि पंचायत समितीच्या बैठकीत ही रेघ घेऊन बसलेल्या माणसाच्या म्हणण्याला वजन राहत नाही; मडगार्ड असेल तर तेच मडगार्ड पांदणीत चिखल अडवून धरते आणि चाक निम्म्या वेळात जाम करते. एका पक्षाचे म्हणणे असे की जूनमध्ये मडगार्ड काढून ठेवावे आणि पावसाळा सरल्यावर बसवावे, ज्यावर दुसरा पक्ष रास्तपणे विचारतो की मग ते आहे तरी कशासाठी. मेकॅनिक या वादात पडत नाही. तो मडगार्ड बोल्टाखाली दोन-दोन वायसर आणि पत्र्याची पट्टी घालून टायरपासून इतके उंच बसवतो की मधल्या जागेत चिमणीने घरटे करावे, आणि मालकाच्या पिशवीत एक बोटभर जाडीची काडी ठेवायला सांगतो. ही काडी म्हणजे या भागातील सायकलस्वाराचे सर्वांत महत्त्वाचे अवजार असून, तिच्याने माती खरवडत खरवडत पुढे सरकणे हे जुन्या काळ्या सायकलींचे तंत्र रेंजरलाही शिकावे लागते. या बाबतीत अमेरिकी संशोधन फार मागे आहे.

गिअरांविषयी थोडक्यातच सांगता येते, कारण रिसोडला त्यांना काम थोडे आहे. पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांच्या तीन चकत्या आणि मागे १४ ते २८ दात्यांच्या सहा, अशी रचना धरल्यास तीन सक अठरा गिअर होतात. त्यांतील सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे दोन मीटर जाते आणि सर्वांत जड गिअरमध्ये सात मीटरांच्या वर. गिअर नसलेली काळी सायकल, पुढे ४४ आणि मागे १८ दाते असल्यास, एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर जाते, आणि तेवढ्यावर दूधवाल्यांच्या, पोस्टमनांच्या आणि ग्रामसेवकांच्या कित्येक पिढ्या निवृत्त झाल्या. पठारावरच्या या मुलखात छाती भरून यावी असा चढ क्वचित लागतो. चढाचे काम येथे वारा करतो, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा लोणार-मेहकरकडे तोंड करून सकाळी निघालेल्या माणसाला पश्चिमेचा वारा समोरून येतो आणि सायंकाळी परतताना, ज्याची त्याला खरी गरज असते, तो पडलेला असतो. म्हणून अठरांपैकी दोन-तीन गिअर उपयोगी पडतात, उरलेले पाहुण्यांच्या पोरांना खेळायला मिळतात आणि पाहुणे गेल्यावर चेन पडलेली आढळते. चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारे जे यंत्र असते त्याचे दोन स्क्रू आवळून मेकॅनिक ते कायमचे मधल्या जागी थांबवतो. अठरा गिअरांची सायकल अशा रीतीने एका गिअरची होते, आणि मालक मात्र विचारणाऱ्यास अठराच सांगत राहतो.

हँडलचा विषय वरकरणी बैठकीचा, वस्तुतः शिष्टाचाराचा आहे. डोंगराच्या सायकलीचे हँडल सरळ, पुढे आणि खाली असते, त्यामुळे स्वार कमरेत वाकतो आणि त्याची नजर पुढच्या चाकापाशी राहते. उतारावर दगड चुकवायला हे ठीक आहे, परंतु रिसोडच्या बाजारातून जाताना चुकवायचे असतात ते दगड नसून गैरसमज. बसस्थानकापासून बाजार समितीपर्यंत भेटणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला रामराम घालणे, पिंगलाक्षी देवीच्या मंदिराच्या दिशेने एक हात छातीशी नेणे आणि वडीलधाऱ्यांपाशी सायकल थोडी हळू करणे, ही कर्तव्ये एका हाताने हँडल धरून दुसऱ्याने पार पाडायची असतात, आणि वाकलेल्या स्वाराने एक हात सोडला की सायकल त्या दिशेने वळते जिकडे भाजीची पाटी असते. जो मान वर करीत नाही त्याच्याविषयी, शिकून आला आणि ओळख विसरला, असा निष्कर्ष संध्याकाळपर्यंत काढला जातो. यावर उपाय म्हणून दुकानात काळ्या सायकलीचे मागे वळलेले हँडल बसवून देतात, ज्यायोगे स्वार ताठ बसतो, चौफेर पाहतो आणि ‘‘काय भाऊ, कुठी चालले?’’ या प्रश्नाला न थांबता उत्तर देऊ शकतो. हा प्रश्न माहितीसाठी विचारलेला नसतो, हे परगावाहून बदलून आलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

कॅरियरविषयी जुन्या रेंजरच्या निर्मात्यांना दुवा द्यावा लागेल. या जातीच्या आरंभीच्या पुष्कळ सायकली लांबच्या प्रवासालाही न्याव्यात या कल्पनेने बनवल्या गेल्या, म्हणून त्यांच्या फ्रेमवर मागच्या आसाजवळ बोल्ट घालण्यासाठी छोटी भोके ठेवलेली सापडतात, जी पुढे शर्यतीच्या हौसेपायी काही नव्या सायकलींवरून नाहीशी झाली. कॅरियर बसला की सायकलीचा दर्जा गावाच्या दृष्टीने तत्काळ बदलतो. त्याआधी ‘‘याले कॅरियर नाही, तं पोतं कुठी ठेवसान?’’ असे विचारणारे आता काही न विचारता पोते ठेवतातच. डबल सीटची क्षमता सिद्ध झाल्यावर मालकाला एकट्याने अप-डाऊन करण्याची संधी मिळत नाही, कारण वाटेवरच्या गावाला जाणारे कोणी ना कोणी कॅरियरवर हक्काने बसते, आणि डोंगर उतरण्यासाठी बांधलेल्या ब्रेकांची खरी कसोटी, पाहुणा मध्येच उडी मारून उतरतो तेव्हा लागते.

स्टँड, कुलूप आणि दिवा यांचा संसार त्यामानाने कटकटीचा आहे. काळ्या सायकलीचे दुपायी स्टँड मागच्या आसाच्या नटात अडकते. रेंजरच्या आसाला एका बाजूला चेनचे यंत्र लटकलेले असल्याने तेथे जागा नसते, आणि ज्या सायकलींची चाके पाना न लावता नुसत्या खटक्याने निघतात त्यांच्याबाबत तर बसस्थानकाबाहेर उभी करून निर्धास्त जावे, एवढा विश्वास अजून कोणत्याच तालुक्याच्या गावाने कमावलेला नाही. मागच्या नळ्यांत बसवायचे गोल कुलूप जाड टायरला मिठी मारू शकत नाही, म्हणून साखळी आणि टाळे वापरावे लागते, ज्यांचे वजन सायकलीच्या वजनात आणखी भर घालते. डायनॅमो, म्हणजे टायरच्या अंगाला घासून फिरणारी, ६ व्होल्टांवर ३ वॉट देणारी बाटलीसारखी छोटी जनित्रे, आता अडगळीतूनच शोधावी लागतात आणि जाड टायरच्या खडबडीत बाजूवर ती किंचाळतात. तथापि चार्जिंगच्या दिव्याचा भारनियमनाच्या दिवशी काय उपयोग, असा बिनतोड मुद्दा घरातील ज्येष्ठ मांडतात. हे सर्व बसवून झाल्यावर सायकल उचलून पाहिली असता तिचे वजन शेजारच्या काळ्या सायकलीएवढे भरते, दिसते तशीच, चालते तशीच, आणि काळी सायकल रूपांतराचा कोणताही खर्च न करता दुकानात आयती मिळत होती, ही गोष्ट मेकॅनिकला पहिल्या दिवसापासून ठाऊक असूनही तो बोलत नाही. यात त्याचा लोभ आहे असे मानणे अन्यायाचे होईल. लग्न ठरल्यावर दुसरे स्थळ सुचवू नये एवढी सभ्यता त्याच्या ठायी असते.

काट्यांचा उल्लेख केल्यावाचून हे प्रकरण पुरे होणार नाही. बाभळीचा काटा आणि सराट्याची गोटी, म्हणजे जमिनीसरपट वाढणाऱ्या वेलीचे कोणत्याही बाजूने पडले तरी एक टोक वरच राखणारे फळ, या दोघांना टायर डोंगराचा आहे की गावचा याच्याशी कर्तव्य नसते. जाड टायर अधिक रुंद असल्यामुळे तो अधिक काटे गोळा करतो एवढेच. पंक्चर झाल्यावर घमेल्यातील पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहणारा कारागीर पहिला प्रश्न वाल्व्हचा करतो. साध्या सायकलीला वालट्यूब असते, म्हणजे धातूच्या बारीक नळीवर चढवलेला रबराचा तुकडा, जो पिचला तर कोणत्याही पानटपरीशेजारच्या सायकल दुकानात चुटकीसरशी बदलून मिळतो. परदेशी किंवा महागड्या रेंजरला मोटारीसारखा वाल्व्ह असतो, ज्यात हवा पेट्रोल पंपावरच्या यंत्राने भरता येते, आणि ती तशी भरताना यंत्राचा काटा ट्रकच्या हिशेबाने लावलेला असल्यास तो बार बाजार समितीपर्यंत ऐकू जातो.

एवढ्या दिव्यातून पार पडलेली सायकल रस्त्यावर आली की शेवटची अडचण उद्भवते, आणि तिच्यावर कोणत्याही दुकानात सुटा भाग मिळत नाही. मोटारसायकल असलेला मनुष्य सायकलीवरून नोकरीला जाताना दिसणे हे रिसोडात व्यायामाचे किंवा पर्यावरणाचे लक्षण समजले जात नाही, ते अडचणीचे लक्षण समजले जाते. मागून येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला वेग कमी करून ‘‘काय सर, गाडी बिघडली काय?’’ असे विचारतो, नाही म्हटल्यावर ‘‘पेट्रोल संपलं काय?’’ असे विचारतो, तेही नाही म्हटल्यावर काही न विचारता समजुतीने मान हलवतो आणि पुढे जाऊन हे वृत्त शाळेत सायकलीच्या बरेच आधी पोहोचवतो. काहीजण लिफ्ट देऊ करतात, ती नाकारणे म्हणजे दात्याचा अपमान आणि स्वीकारणे म्हणजे सायकल एका हाताने धरून मोटारसायकलीच्या मागे ओढत नेणे, जो प्रकार डोळ्यांनी पाहिल्यावाचून त्याची कल्पना येत नाही. आठवड्याच्या आत गाडी विकल्याची, दुसऱ्या आठवड्यात पतसंस्थेचे हप्ते थकल्याची बातमी पसरते, किराणा दुकानदार वहीत नाव लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबतो, आणि घरात लग्नाचे वय झालेली मुलगी असेल तर सासुरवाडीकडून चौकशीचा फोन येतो.

यावर अप-डाऊन करणाऱ्या जाणत्या मंडळींनी काढलेला तोडगा असा की, सायकल रोज चालवावी, पण आठवडी बाजाराच्या दिवशी मोटारसायकल धुऊनपुसून काढावी आणि काही काम नसताना भर गर्दीच्या वेळी बाजारातून, बसस्थानकावरून व बाजार समितीच्या फाटकापुढून एक फेरी मारून आणावी, जेणेकरून गाडी विकलेली नाही हे सर्वांनी पाहावे. या फेरीला लागणारे पेट्रोल सायकलीने वाचवलेल्या पेट्रोलातून वजा करावे लागते, आणि ज्या वर्षी सोयाबीनचे भाव पडलेले असतात त्या वर्षी एका फेरीने भागत नाही.